त्यागाच्या दिवशी सोडलेली गोळी

भाद्रपदात आमच्या गावात दशलक्षण पर्व असतं. गाव सांगलीपासून फार लांब नाही. ऊस, हळद, थोडी द्राक्षं, आणि मधोमध आमची बस्ती, म्हणजे जैनांचं देऊळ. पर्वाच्या दहा दिवसांना दहा धर्म, त्यातला आठवा दिवस त्यागाचा. त्या दिवशी प्रवचन संपलं की एकेकानं उठायचं, हात जोडायचे आणि आपण काय सोडतो ते सगळ्यांसमोर सांगायचं. कुणी वर्षभर बटाटा सोडतं, कुणी चातुर्मासापुरता चहा. मग नऊ वेळा णमोकार मंत्र म्हटला की नियम पक्का होतो. घेतलेला नियम मोडणाऱ्याला आमच्याकडे कुणी तोंडावर काही बोलत नाही, पण विसरतही नाही.

त्या वर्षी चातुर्मासाला आमच्याकडे एक माताजी, म्हणजे जैन साध्वी, होत्या. पांढऱ्या साडीतल्या, अंगानं बारीक, बोलणं मोजकं. माझ्या आधी माझी शेजारीण उठली. तिनं मिश्री सोडली. चाळीस वर्षं दाताला लावलेली मिश्री, सकाळी ती लावल्याशिवाय जिचं तोंड उघडायचं नाही, त्या बाईनं एका वाक्यात ती सोडली. बायकांनी जयजयकार केला, एकीनं तर डोळे पुसले.

मी गोड सोडायचं ठरवून आले होते. पण मिश्रीनंतर साखर फारच किरकोळ वाटायला लागली. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं आहे, निम्म्या गावाचे कान मी पिळलेले आहेत, आणि नाकावर माशी बसू द्यायची मला सवय नाही. शेजारणीपेक्षा हलकं काहीतरी सोडून खाली बसणं मला जमेना. उचलली जीभ, लावली टाळ्याला. म्हणाले, "झोपेची गोळी सोडते. आजन्म."

माताजींनी मान वर केली. "औषध आहे का ते? औषधाचा त्याग मी देत नाही. आधी डॉक्टरांना विचारा."

"औषध नाही माताजी," मी म्हणाले. "सवय आहे नुसती."

त्यांनी माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि हात उचलला. माझा जयजयकार मिश्रीपेक्षा मोठा झाला. हे मी मोजलं होतं, खोटं कशाला बोलू.

ती गोळी आमच्या घरात पुराच्या वर्षी आली. घरात छातीभर पाणी होतं, आम्ही दहा दिवस सांगलीला नातेवाइकांकडे काढले. परत येऊन चिखल उपसला, भिंती धुतल्या, भांडी जागेवर लागली. मी मात्र जागेवर आले नाही. दुपारी बसल्या बसल्या छाती धडधडायची, हातपाय गार पडायचे, आता आपण मरणार असं वाटायचं. डॉक्टरांनी रात्री झोपताना घ्यायला अर्धी गोळी दिली आणि पंधरा दिवसांनी दाखवायला सांगितलं. पंधरा दिवसांनी मी ठणठणीत होते, मग दाखवायचं कशाला? पुढे जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या मिळत गेल्या, त्याच्याही पुढे चिठ्ठी लागेनाशी झाली. औषधांचा दुकानदार माझा जुना विद्यार्थी. मला लांबून बघूनच पाकीट काढून ठेवायचा. अर्धीची एक झाली, एकीच्या तीन झाल्या, आणि सहा वर्षं गेली.

शेजारणीचा नवरा वारला तेव्हा ती आठवडाभर भिंतीला टेकून नुसती बसून होती. तिला पहिली गोळी मीच दिली. लोणच्याची वाटी द्यावी तशी कुंपणावरून दिली. दुकानही मीच दाखवलं. तिला झोप लागली आणि मला पुण्य केल्यासारखं वाटलं.

त्यागाच्या दिवशी घरी आल्यावर उरलेली पाकिटं मी आमच्या ह्यांच्यासमोर फाडली आणि गोळ्या मोरीत सोडल्या. हे हसले. "मास्तरीणबाईंचं काय खरं न्हाई. हुईल का तुझ्याच्यानं?" त्यांच्या त्या चिडवण्यानं माझ्या जिद्दीत तेलच ओतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला बारीक कंप होता. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता, पण त्याचं मला विशेष वाटलं नाही. एकभुक्त चालू होतं, म्हणजे दिवसातून एकदाच जेवण. सगळ्यांनी तेच कारण धरलं. हे म्हणाले, पित्त झालंय. आमची धाकटी जाऊ, जी आमच्याच घराच्या दुसऱ्या भागात राहते, तिनं कोकमाचं सरबत आणून ठेवलं. देवळात बायका माझ्याकडे बघून एकमेकींना सांगत होत्या, चेहऱ्यावर तेज कसं आलंय बघा. ते तेज म्हणजे घाम होता. माझं पोलकं पाठीला चिकटलं होतं.

दुपारपासून आवाज वाढले. म्हणजे आवाज तेवढेच होते, माझ्या कानांनाच त्यांचा मारा सोसेना. परसात केळीचं पान वाऱ्यानं हललं तरी कुणीतरी कापड टराटरा फाडतंय असं ऐकू येई. ताटलीवर चमचा पडला आणि मी किंचाळले. उन्हाचा कवडसा भिंतीवरून सरकताना दिसत होता, तो थांबावा म्हणून मी त्याच्यावर हात ठेवला. कातडीखाली मुंग्या चालत होत्या. मी बाही वर करून बघितलं, काही नव्हतं. मला फार भीती वाटली. पुराच्या वेळी वाटली होती त्याहून जास्त, कारण पाणी कुठून येतंय हे तेव्हा दिसत तरी होतं.

गोळीमुळे हे होतंय हे मला कळत होतं का? कळत होतं. एका कोपऱ्यात नक्की कळत होतं. पण त्यागाच्या वाटेवर त्रास होणारच, आणि त्रास सोसला की गोळीचा पाश तुटणार, असं मी मनाला समजावलं. जितका त्रास, तितकी निर्जरा, तितकी कर्मं गळून पडणार. आयुष्यभर दुसऱ्यांना शिकवलेल्या बाईला स्वतःला शिकवायला कितीसा वेळ लागणार?

तिसऱ्या दिवशी, चतुर्दशीला, मी देवळाच्या अंगणात पूजेचं ताट घेऊन उभी होते. पुढचं मला आठवत नाही. जाऊबाईनं नंतर सांगितलं की मी आधी एका बाजूला मान वळवून कुणाशी तरी बोलतेय असं वाटलं, मग ताट पडलं, मग मी पडले. अंग धनुष्यासारखं ताणलं, दात बसले, तोंडाला फेस आला. कुणी कांदा आणा म्हणालं, कुणी हातात चप्पल धरा म्हणालं, आणि बस्तीच्या अंगणात कांदा आणि चप्पल कसे आणायचे यावरही तिथं वाद झाला म्हणे. शेवटी आमच्या ह्यांनी मला उचललं आणि गाडीत घातलं.

आमच्या भागात दुखणं हाताबाहेर गेलं की मिरज. तिथं डोक्याचा फोटो झाला, रक्त तपासलं. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावून सुजली होती आणि खांदा ठणकत होता. तरणे डॉक्टर विचारत होते, आधी कधी फिट आली होती का, साखर आहे का, गेल्या आठ दिवसांत कुठलं औषध बंद केलं का.

मी मान हलवली. नाही.

हे म्हणाले, "उपास चालू हाईत तिचे. त्येनंच झालं आसंल." ह्यांना लपवायचं नव्हतं. माझा नियम ही धर्मातली गोष्ट आणि डॉक्टरांचा प्रश्न ही औषधातली, या दोन्हींची गाठ त्यांच्या डोक्यात पडलीच नाही. माझ्या डोक्यात पडली होती. मी गप्प बसले. झाकली मूठ सव्वा लाखाची.

डॉक्टर लिहून वळले, तेवढ्यात पायाशी उभी असलेली जाऊ बोलली. चारचौघांत ही बाई सहसा तोंड उघडत नाही, आणि मी तिला मनातल्या मनात मठ्ठ म्हणत आले होते. "आवं डॉक्टर, आक्कांनी गोळी सोडलीया. झोपंची. रोज तीन खात हुत्या, सा वर्सं. परवाच्या दिशी एकदमच सोडली."

डॉक्टरांचा चेहरा बदलला. त्यांनी पेन खिशात घातलं आणि जवळजवळ पळतच बाहेर गेले.

थोड्या वेळानं मनोविकाराच्या डॉक्टरीणबाई आल्या. उंब्रजच्या होत्या, बोलणं सरळ. खाटेच्या कडेला बसल्या आणि माझा थरथरणारा हात हातात धरूनच बोलत राहिल्या. त्यांनी विचारलं, घरी द्राक्षबाग आहे का. आहे म्हणाले. "मग घड लागलेले असताना मांडवाचे खांब एकदम उपटतात का? या गोळीवर तुमचा मेंदू सहा वर्षं रेलला आहे. ती काढायची, पण जरा जरा. याच जातीची दुसरी, संथ उतरणारी गोळी आज सुरू करू आणि दर दोन-तीन आठवड्यांनी थोडी थोडी कमी करू. आठ महिने लागतील, कदाचित वर्ष. पण एकदम नाही. पुढची फिट आली तर ती थांबेलच याची हमी मी देऊ शकत नाही."

"गोळी घेणार नाही," मी म्हणाले. "माझा नियम आहे."

त्यांना वाटलं मी अजून भ्रमात आहे. ह्यांनी नियम समजावून सांगितला. बाई ऐकून घेत राहिल्या, मग शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला सकाळी फिट थांबवायला इंजेक्शन दिलंय. ते याच जातीचं औषध आहे."

मी भडकले. मला न विचारता माझा नियम मोडायचा अधिकार कुणी दिला म्हणून सुजलेल्या जिभेनं ओरडले. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला. आज आठवलं की लाज वाटते. मला वाचवणाऱ्या माणसांना मी वर्गातल्या वांड पोरांसारखं झापत होते. हे तिथंच भिंतीकडे तोंड करून रडले. चाळीस वर्षांच्या संसारात मी त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "पाप लागलं तर मला लागू दे गं. गोळी घे."

मी घेतली नाही. इंजेक्शनाचा असर उतरत होता, मुंग्या पुन्हा बोटांच्या टोकाशी आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी ह्यांना बाजूला नेलं आणि विचारलं की हा नियम कुणी दिला, त्यांना विचारता येईल का. माताजी फोन वापरत नाहीत, वाहनात बसत नाहीत. माणसानंच जायला हवं. हे दुपारच्या उन्हात, मागोमाग आलेल्या पुतण्याची मोटारसायकल घेऊन गावाला गेले.

ते दोन तास मी पंख्याकडे बघत पडले. पंख्याची पाती मोजता येतात का ते बघत होते, कारण मोजता आली तर आपण शुद्धीवर आहोत. नर्स दर थोड्या वेळानं येऊन नाडी बघायची आणि जायची. जाऊ उशाशी णमोकार म्हणत होती, तिचा आवाजही मला सहन होत नव्हता आणि ती थांबली की त्याहून भीती वाटत होती.

हे परत आले ते धुळीनं माखलेले. माताजींचा निरोप त्यांनी शब्दाला शब्द सांगितला. "मी औषधाचा त्याग दिलेलाच नाही. तिला विचारलं होतं, ती सवय म्हणाली. नियम झालाच नाही, तर मोडणार काय? गोळी घ्यायला सांगा. ती खोटं बोलली, त्याचं प्रायश्चित्त मात्र आहे. चालता यायला लागलं की त्याच जागी, त्याच बायकांसमोर उभं राहून खरं सांगायचं."

मी गोळी घेतली. पाण्याबरोबर ती खाली गेली तेव्हा मी रडले, पण सुटल्यासारखंही वाटलं.

आठवड्यानं घरी आले. सोबत डॉक्टरीणबाईंनी लिहिलेला कागद होता, कुठल्या आठवड्यात किती गोळी ते त्यात आखून दिलेलं. तो मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आतून, म्हणजे आल्यागेल्याला दिसू नये.

कारण गाव निराळंच बोलत होतं. बाई उपासात पडल्या. बाईंनी सहा वर्षांची गोळी सोडली आणि देवाच्या अंगणात देह ठेवता ठेवता वाचल्या. बायका भेटायला येत, माझ्या पाया पडत. शेजारीण तर दोन्ही हातांनी पाय धरून म्हणाली, "बाई, तुमी लय मोठं काम केलासा. माझी मिश्री म्हंजी काय, तुमच्या म्होरं कायच न्हाई." मी तिला उठवलं, चहा दिला. खरं सांगितलं नाही. जिभेवर आलं होतं, गिळलं. मग म्हटलं, रविवारी देवळातच सगळ्यांना सांगू. त्या रविवारी पाऊस होता. पुढच्या रविवारी माझं डोकं जड होतं, गोळी नुकतीच पाव कमी केली होती. त्याच्या पुढच्या रविवारी प्रवचनाला बाहेरगावचे पाहुणे होते. माताजींनी एकदाही विचारलं नाही. नुसतं बघायच्या. ह्यांना मी म्हणत होते, दिवाळीच्या आत नक्की.

दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळचे अकरा. मी कुंपणाजवळ कपडे वाळत घालत होते, पलीकडे शेजारीण सुपात ज्वारी निवडत बसली होती. सुपातले दाणे एकसारखे थरथरत होते. ती पाखडत नव्हती. सूप मांडीवर होतं आणि हात नुसते त्याच्या कडेवर.

"काय गं, बरं नाही का?"

"बरं हाय की. ही केळीची पानं लय आवाज कराय लागल्यात आज."

माझ्या हातातलं लुगडं खाली पडलं. वारा नव्हता. एक पान हललेलं मला दिसत नव्हतं.

"काय सोडलंस तू?" मी ओरडलेच.

ती लाजली. चोरी पकडल्यासारखी नव्हे, कौतुकाची वाट बघत असल्यासारखी. "कुनाला सांगू नगासा. गोळी सोडली. तुमी सोडलीसा, म्हनलं आपुन बी मनातल्या मनात नियम घ्यावा. आज तिसरा दिस."

मी फाटक ओलांडून तिच्याकडे गेले. म्हणाले, ऊठ, गाडीत बस, मिरजेला जायचं.

"कशापायी? तुमी उपासानं पडला हुतासा. माझा कुठं उपास हाय?"

"उपासानं नाही पडले. गोळी एकदम सोडली म्हणून पडले. आणि मी ती परत सुरू केलीय. रोज घेते. आज सकाळीही घेतली."

ती हसली. मी तिची परीक्षा घेतेय असं तिला वाटलं. "आजन्म म्हनला हुतासा की तुमी. आमी ऐकलंय. मला नियम मोडाय लावतासा व्हय, बाई?"

मी घरात पळाले. कपाटाच्या दारावरचा कागद ओढून काढला, गोळ्यांचं पाकीट घेतलं आणि दोन्ही तिच्या मांडीवर, त्या ज्वारीत नेऊन टाकली. तिला थोडंफार वाचता येतं. माझंच नाव, माझ्याच गोळ्या. तिनं पाकीट उलटसुलट केलं, रिकाम्या झालेल्या खळग्यांवरून बोट फिरवलं. घामानं तिचं कपाळ भिजलं होतं.

मग म्हणाली, "मग आमी तुमच्या पाया कशाला पडलो?"

मी तिला बगलेत धरून उठवलं. ती माझ्यावर विश्वास ठेवून उठली असं म्हणवत नाही. तिच्या अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. हे गाडी काढत होते. आम्ही दोघी मागच्या सीटवर बसलो. निम्म्या वाटेत, उसाच्या गाड्यांच्या रस्त्याला, ती एका बाजूला मान वळवून कुणाशी तरी बोलतेय असं मला वाटलं. मला कळलं. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं, तिला कुशीवर वळवलं आणि ह्यांना म्हणाले, थांबू नका. तिचं अंग ताणलं आणि हादरायला लागलं. तिचा हात माझ्या बांगड्यांत अडकला होता आणि प्रत्येक झटक्याला बांगड्या वाजत होत्या. मी आयुष्यात तेवढा लांब रस्ता पाहिला नाही.

मिरजेत इंजेक्शन दिल्यावर तिचं अंग सैल पडलं. श्वास सरळ झाला. तासाभरानं उंब्रजच्या त्या डॉक्टरीणबाई आल्या. आधी तिच्या पापण्या उघडून बघितल्या, मग मला ओळखलं आणि थबकल्या. हातात कोरा कागद होता.

"गोळी किती दिवसांपासून बंद?"

"आज तिसरा दिवस."

"किती वर्षं घेत होत्या?"

"दोन."

"आणि बंद करायला कुणी सांगितलं यांना?"

हे माझ्याकडे बघत होते. खाटेभोवती शेजारणीचे दीर, तिची सून, गावातून मागोमाग आलेल्या तीन बायका उभ्या होत्या. त्याच बायका, ज्यांनी माझा जयजयकार केला होता.

"मी," म्हणाले. "सुरू करायलाही मीच सांगितलं होतं."

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं.